टेक्सासमध्ये पर्यायी मार्गाने शिक्षक होताना: नियम आणि पहिले वर्ष

तुम्ही पुण्यातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, तिथेच तीन वर्षे अकरावी-बारावीला शिकवले आहे, बी.एड. केलेले नाही, सध्या ह्यूस्टनजवळ राहता आणि एच-४ वर, म्हणजे नोकरदार जोडीदाराच्या व्हिसावर, काम करण्याचा परवाना हाती आहे. अशा स्थितीत सरकारी शाळेत शिक्षक होण्यासाठी जो पर्यायी प्रमाणपत्राचा कार्यक्रम असतो त्याचे नियम कोणते, उमेदवाराकडून अपेक्षा काय असतात आणि हे सगळे एका वर्षात उरकते का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः याच मार्गाने या व्यवसायात आले, पुढे शाळेत नवशिक्यांची मेंटॉर झाले आणि आता एका कार्यक्रमाची फील्ड सुपरवायझर म्हणून नव्या शिक्षकांचे तास पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. थोडक्यात उत्तर असे की नेटाने केल्यास वर्षभराच्या आत वर्ग तुमच्या हाती येऊ शकतो. पूर्ण प्रमाणपत्र मात्र त्यानंतर शाळेचे एक अख्खे वर्ष शिकवून झाल्यावरच मिळते. म्हणजे हिशेब दीड ते दोन वर्षांचा धरावा.

आधी ‘पर्यायी’ म्हणजे काय ते स्पष्ट करते, कारण आपल्याकडच्या अनेकांना तो एखादा पत्रद्वारा अभ्यासक्रम वाटतो. रूढ पद्धतीत विद्यापीठातच पदवीबरोबर अध्यापनशास्त्र शिकायचे, शेवटच्या सत्रात बिनपगारी सरावपाठ द्यायचे, प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग नोकरी शोधायची, असा क्रम असतो. पर्यायी मार्गात पदवी आधीच हाती असते. थोडे प्रशिक्षण आधी होते, नोकरी मधे येते आणि उरलेले प्रशिक्षण पगारावर असताना, स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या जबाबदारीवर होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात न्यू जर्सीने हा मार्ग खुला केला, त्याच सुमारास टेक्सासने केला आणि १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. त्यामागे शिक्षकांचा तुटवडा हे कारण होते आणि आजही तेच आहे. इतर राज्यांत याला परवाना म्हणतात, टेक्सासमध्ये प्रमाणपत्र, अर्थ एकच.

यात चार घटक असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले तर पुढची निम्मी धावपळ वाचते. नियम करते ते स्टेट बोर्ड फॉर एज्युकेटर सर्टिफिकेशन. ते राबवते आणि प्रमाणपत्र देते ती टेक्सास एज्युकेशन एजन्सी, जिला सगळे ‘टीईए’ म्हणतात. प्रशिक्षण देतो तो मान्यताप्राप्त कार्यक्रम. तो विद्यापीठाचा, डिस्ट्रिक्टचा, प्रादेशिक सेवा केंद्राचा किंवा खासगी कंपनीचाही असू शकतो. नोकरी देते ते डिस्ट्रिक्ट. कार्यक्रम तुम्हाला प्रमाणपत्र देत नाही, तो तुमची शिफारस करतो. आणि डिस्ट्रिक्टने नोकरी दिली म्हणून कार्यक्रमाच्या अटी माफ होत नाहीत. ‘मला प्रिन्सिपल घ्यायला तयार आहेत, मग अडचण काय?’ असे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारते. प्रिन्सिपलची तयारी ही चारपैकी एकाच घटकाची तयारी असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत डिस्ट्रिक्टला २०१५ च्या कायद्याने मिळालेल्या सवलतीतून अप्रमाणित शिक्षकही सर्रास नेमले जात. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस बिल २ या राज्याच्या कायद्याने मूलभूत विषयांपुरती ती मोकळीक टप्प्याटप्प्याने आवळायला घेतली आहे. त्यामुळे ‘आधी नोकरी, कागद नंतर’ या जुन्या सल्ल्यावर आता विसंबू नका. त्याच कायद्याने प्रशिक्षणाच्या मार्गांतही बदल केले आहेत, म्हणून मी खाली दिलेले तास आणि संख्या कार्यक्रमाच्या चालू वर्षाच्या हस्तपुस्तिकेशी एकदा ताडून पाहा.

आता प्रवेशाच्या अटी. अमेरिकेतील बॅचलर्स पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पदवी हवी आणि एकूण अथवा शेवटच्या ६० क्रेडिट तासांचा (विद्यापीठातील अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी श्रेणी, किमान २.५ हवा. ही अट शिथिल करण्याची मुभा कार्यक्रमाला असते, पण एका तुकडीतील दहा टक्क्यांहून अधिक उमेदवारांसाठी नाही. ज्या विषयाचे प्रमाणपत्र घ्यायचे त्या विषयातील किमान १२ क्रेडिट तास लागतात, आणि सातवी किंवा त्यावरील इयत्तांच्या गणित-विज्ञानासाठी १५. इतके तास भरत नसतील तर प्रवेशापूर्वीच विषयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन ती उणीव भरून काढता येते. तुमच्या बाबतीत तासांची अडचण येणार नाही. अडचण येईल ती कागदांची.

परदेशी पदवीचे मूल्यमापन टीईएने मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे लागते, आणि ते विषयवार असावे लागते. केवळ ‘ही पदवी अमुक पदवीशी समकक्ष’ एवढा एका ओळीचा स्वस्त अहवाल घेतला तर १५ तास मोजणार कशावरून? आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.कडे सगळ्या मूल्यमापन संस्था सारख्या नजरेने पाहत नाहीत; तुमच्याकडे पुढची दोन वर्षांची एम.एस्सी. असल्याने दोन्ही पदव्या एकत्रच पाठवा, फक्त एम.एस्सी.च्या गुणपत्रिका पाठवू नका. टक्क्यांची चिंता करू नका. आपल्या विद्यापीठांतील ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग हे या संस्थांना चांगले ठाऊक असते आणि त्या अमेरिकी शाळेतले ६० टक्के समजून नापास करत नाहीत. अर्जात जीपीए स्वतः गणित करून भरू नका, अहवालात असेल तोच लिहा.

एक बाब कोणत्याही हस्तपुस्तिकेत सापडणार नाही, पण मराठी स्त्रियांची हमखास अडचण करते, ती म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधले नाव आडनावाला चिकटलेले, आणि पदवी प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ तर नव्या ट्रान्सक्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, कारण विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले. विद्यापीठाच्या नावाची उकल मूल्यमापन संस्था करते. तुमच्या नावाची उकल तुम्हालाच विवाह प्रमाणपत्र जोडून करावी लागते. टीईएच्या खात्यात, परीक्षेच्या नोंदणीत आणि ओळखपत्रावर नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. मी मार्गदर्शन करत असलेल्या एका उमेदवाराला केवळ यापायी परीक्षा केंद्राच्या दारातून परत यावे लागले, आणि भरलेले शुल्क गेले ते गेलेच.

इंग्रजीबद्दलही गैरसमज आहे. आपले शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे कॉलेजचे पत्र पुरेल असे गृहीत धरू नका. ज्या देशांतील पदवीला भाषा परीक्षेची माफी आहे त्यांची यादी नियमांतच दिलेली आहे. ती कार्यक्रमाला दाखवायला सांगा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या. परीक्षा द्यावी लागलीच, तर टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांसाठी वेगवेगळे किमान गुण आहेत आणि त्यांत सर्वांत वरची अट बोलण्याची आहे. ती तशी असण्यात मला काही वावगे वाटत नाही. पंधरा वर्षांच्या तीस मुलांना पहिल्या ऐकण्यात कळेल असे बोलणे हे या कामाचे मुख्य साधन आहे.

कोणते प्रमाणपत्र घ्यावे, याविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रवेश घेतानाच ते ठरवावे लागते. भौतिकशास्त्र आणि गणित मिळून सातवी ते बारावीसाठी एक प्रमाणपत्र आहे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून सहावी ते बारावीसाठी एक आहे आणि सर्व विज्ञान शाखांचे मिळून सातवी ते बारावीसाठी एक आहे. तुमचा कल पहिल्याकडे असणार हे उघड आहे. माझे मत असे की जीवशास्त्राची पुस्तके पुन्हा उघडायची तयारी असेल तर सर्व विज्ञान शाखांचे घ्या. एखाद्या शाळेत भौतिकशास्त्राच्या मोजक्या तुकड्या असतात आणि त्या बहुधा जुन्या शिक्षकाकडे असतात. नव्या माणसाला नववीचे जीवशास्त्र किंवा भौतिक-रसायनाचा एकत्रित विषय मिळतो. ज्याच्याकडे व्यापक प्रमाणपत्र आहे त्याला वेळापत्रकात बसवणे प्रिन्सिपलला सोपे जाते. पेशी विभाजन मात्र दहावीनंतर पाहिलेले नसेल, तर तयारीसाठी तीन-चार महिने जास्त धरा.

विषयाची परीक्षा १०० ते ३०० या मोजपट्टीवर असते आणि उत्तीर्ण होण्यास २४० लागतात. कोणतीही एक परीक्षा एकूण पाच वेळाच देता येते. त्यानंतर टीईएकडून विशेष परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडची माणसे विषयाच्या परीक्षेत सहसा अडकत नाहीत, अध्यापनशास्त्राच्या परीक्षेत अडकतात. तिथे प्रश्न असा येतो की एक मुलगा रोज गृहपाठ न करता येतो, शिक्षकाने प्रथम काय करावे. आपण ज्या शाळांत शिकलो तिथले उत्तर आपल्या हाडीमाशी भिनलेले असते: पालकांना बोलवावे. पर्यायांत ते असतेच, आणि ते बहुतेक वेळा चूक असते. बरोबर उत्तर म्हणजे आधी मुलाशी एकट्याने बोलून कारण समजून घेणे. चार पर्यायांपैकी ज्यात शिक्षक निष्कर्षाला येण्याआधी माहिती गोळा करतो तो पर्याय शोधा. परीक्षा तुमची विचारपद्धती तपासते आहे आणि ती पद्धती पाठ करून येत नाही, वर्ग पाहून येते.

त्यासाठीच वर्ग हाती येण्यापूर्वीचे प्रशिक्षण असते. पर्यायी कार्यक्रमात एकूण किमान ३०० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यांपैकी १५० तास इंटर्नशिप, म्हणजे स्वतःच्या वर्गातले पगारी पहिले वर्ष, सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. त्याखेरीज प्रत्यक्ष शाळेत जाऊन अनुभव घेण्याचे किमान ५० तास असतात. माझ्या वेळी ते बरेच कमी होते, २०२४ पासून वाढले. ज्यांना अगदी शाळा सुरू होण्याच्या तोंडावर नोकरी मिळते त्यांना हे तास नंतर, ठरावीक शालेय दिवसांत, भरून काढण्याची सवलत आहे. ही सवलत शक्यतो वापरू नका. सकाळी सात ते दुपारी चार स्वतःचा वर्ग चालवून संध्याकाळी राहिलेले १५० तास भरणारी माणसे मी ऑक्टोबरमध्ये पाहिली आहेत, आणि त्यांतली काही मे महिन्यात, वर्ष संपताना, दिसली नाहीत.

पन्नास तासांचे ते निरीक्षण बहुतेक जण वहीत तारखा भरून उरकतात. तुम्ही एक करा: कोणत्याही चांगल्या शिक्षकाच्या वर्गात घंटेच्या पाच मिनिटे आधी जाऊन दाराशी उभ्या राहा. शिक्षक दारातच उभा असतो, येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो, पडद्यावर एक छोटा प्रश्न आधीच लावलेला असतो, मुले दप्तर टेकवून तो सोडवायला लागतात आणि घंटा होऊन दोन मिनिटांत हजेरी झालेली असते, एकही नाव न पुकारता. आपल्याकडे सर वर्गात आले की मुले उभी राहतात, ‘बसा’ म्हटले की तास सुरू होतो. इथे कोणी उभे राहत नाही, म्हणून तास सुरू झाल्याची खूण शिक्षकाला स्वतः घडवावी लागते. ती कशी घडते हे पाच वेगवेगळ्या वर्गांत पाहिलेत तर कार्यक्रमाच्या ऑनलाइन धड्यांपेक्षा जास्त पदरात पडेल.

विषयाची परीक्षा आणि आधीचे तास झाले की कार्यक्रम तुम्हाला पात्रतेचे पत्र देतो आणि ते घेऊन नोकरी शोधायची. भरतीचा हंगाम साधारण मार्च ते जुलै असतो. ऑफर मिळाल्यावर बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि इंटर्न प्रमाणपत्राचा अर्ज असा क्रम असतो. हे प्रमाणपत्र एका वर्षाचे असते आणि ते नोकरी व कार्यक्रम या दोन्हींना बांधलेले असते. दोहोंपैकी एक सुटले की निष्क्रिय होते. ज्यांनी अध्यापनशास्त्राची परीक्षाही आधीच दिलेली असते त्यांना प्रोबेशनरी प्रमाणपत्र मिळते, तेही वर्षाचेच. नोकरी मिळालीच नाही तर बिनपगारी सरावाचा, साधारण एका सत्राचा, पर्याय असतो. तो कमीपणाचा समजू नका.

एच-४ बद्दल इथेच सांगते. तुमच्या काम करण्याच्या परवान्याची मुदत शालेय वर्षाच्या मध्यावर संपत असेल तर ते आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून नव्या अर्जांसाठी बंद झाली आहे. अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी करा. परवान्यात खंड पडला तर डिस्ट्रिक्टला तुम्हाला कामावर ठेवता येत नाही आणि इंटर्नशिप अर्धवट राहते. सरकारी शाळा तुमच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्वतःहून अर्ज करतील अशा आशेवर योजना आखू नका. काही डिस्ट्रिक्ट करतात, बरीच करत नाहीत, आणि विद्यापीठांप्रमाणे त्यांना या व्हिसांच्या संख्येवरील वार्षिक मर्यादेतून सरसकट सूटही नाही.

करार वाचून सही करा. पहिल्या वर्षीचा करार परिवीक्षेचा असतो, म्हणजे वर्ष संपल्यावर डिस्ट्रिक्ट तो फारशी कारणे न देता थांबवू शकते. तुम्ही मात्र वर्षाच्या मध्यात मनाला येईल तेव्हा सोडून जाऊ शकत नाही. शाळा सुरू होण्याआधी कायद्याने ठरवलेल्या दिवसापर्यंत बिनशर्त राजीनामा देता येतो. त्यानंतर पुरेशा कारणाविना सोडल्यास डिस्ट्रिक्ट राज्याच्या प्रमाणपत्र बोर्डाकडे तक्रार करू शकते आणि प्रमाणपत्र निलंबित होऊ शकते. नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली ही आपल्या घरांत नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी आधी प्रिन्सिपलशी बोला, मग लेखी राजीनामा द्या आणि मुक्त केल्याचे पत्र हाती आल्याखेरीज घर हलवू नका.

आता इंटर्नशिपचे वर्ष. नियमानुसार तुम्हाला शाळेतला एक मेंटॉर मिळतो, ज्याला किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो, आणि कार्यक्रमाकडून एक फील्ड सुपरवायझर मिळतो. सुपरवायझरने नेमणुकीनंतर तीन आठवड्यांत संपर्क साधायचा असतो, पहिला पाठ पहिल्या सहा आठवड्यांत पाहायचा असतो आणि इंटर्न प्रमाणपत्रावरील उमेदवाराचे वर्षात किमान पाच पाठ पाहायचे असतात, प्रत्येक किमान ४५ मिनिटांचा. पाठाआधी आणि पाठानंतर चर्चा होते, लेखी अहवाल तुम्हाला आणि शाळेलाही जातो. हे झाले कागदावर.

माझा पहिला पाठ बलांच्या समतोलाचा होता. रात्री जागून टाचण काढले होते, आकृत्या सुबक होत्या, गणिते सोपी ते अवघड अशा क्रमाने लावली होती, आणि तास संपला तेव्हा मी मनातल्या मनात खूश होते. सुपरवायझर बाईंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर वर्गातल्या बाकांचा नकाशा होता, २८ चौकोन. ज्या मुलाने तासभरात काही बोलले किंवा विचारले त्याच्या चौकोनात त्यांनी रेघ मारली होती. चार रेघा होत्या. त्यांतली एक, त्या म्हणाल्या, बाथरूमला जाऊ का हे विचारणाऱ्याची. खाली आणखी एक आकडा होता: मी फळ्याकडे तोंड करून घालवलेली मिनिटे, २२. विषयाच्या माझ्या ज्ञानाबद्दल त्या पानावर एक शब्दही नव्हता. मला तेव्हा ते अन्यायाचे वाटले, कारण पुण्या-मुंबईच्या कॉलेजात असा तास ‘उत्तम’ ठरला असता. आज मी तोच नकाशा काढते.

त्या कागदामागची चौकट म्हणजे टी-टेस, टेक्सासची शिक्षक मूल्यमापन पद्धती, जी २०१६-१७ पासून राज्यभर वापरली जाते. तिच्यात नियोजन, अध्यापन, वर्गातील वातावरण आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या असे चार भाग आहेत आणि पाच पायऱ्या आहेत. वरच्या दोन पायऱ्यांची वर्णने वाचलीत तर लक्षात येईल की जसजसे वर जावे तसतसे वाक्यांतला कर्ता बदलतो. खाली शिक्षक समजावतो, विचारतो, दाखवतो आणि वर विद्यार्थी समजावतात, विचारतात, दाखवतात. पहिल्या वर्षी तुम्ही मधल्या पायरीच्या आसपास असाल अशीच अपेक्षा असते. ‘फर्स्ट क्लास’ची सवय असलेल्या आपल्या माणसांना मधली पायरी जिव्हारी लागते. लागू देऊ नका.

मेंटॉर हा मात्र नशिबाचा भाग होऊ देऊ नका. माझ्या पहिल्या शाळेत मेंटॉर कागदोपत्री होत्या. त्यांचा मोकळा तास आणि माझा मोकळा तास वेगळा होता, त्यांचा वर्ग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्या शिकवत होत्या भूगोल. चांगल्या बाई होत्या, पण डिसेंबरपर्यंत आम्ही जेमतेम चारदा बोललो. मुलाखतीतच विचारा की मेंटॉर माझ्याच विषयाचे असतील का आणि आमचा नियोजनाचा तास एकच असेल का. जी शाळा या प्रश्नाला नीट उत्तर देते ती थोडी दूर असली, पगार हजार-दोन हजार डॉलरने कमी असला, तरी पहिल्या वर्षासाठी तीच घ्या.

काही जबाबदाऱ्या अशा आहेत की त्यांत नवशिकेपणाची सूट नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ठरलेल्या सवलती, जसे जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणे, पुढच्या बाकावर जागा, या कायद्याने बंधनकारक आहेत. त्या ठरवणाऱ्या समितीला टेक्सासमध्ये ‘एआरडी’ म्हणतात आणि तिच्या बैठकीला तुम्हाला बसावे लागेल. ‘सगळ्यांना सारखा न्याय’ हे इथे कारण होत नाही. मुलावर अत्याचार किंवा दुर्लक्ष होत असल्याचा संशय आला तर शिक्षकाने स्वतः, कायद्याने दिलेल्या तासांत, कळवायचे असते. समुपदेशकाला किंवा प्रिन्सिपलला सांगितले म्हणजे आपले काम संपले असे होत नाही, ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आणि विद्यार्थ्याचे गुण, आजार, घरची परिस्थिती यांबद्दल बाहेर बोलायचे नाही. १९७४ च्या ‘फेरपा’ कायद्याचे बंधन मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातही लागू असते, विशेषतः जेव्हा समोरच्या बाई म्हणतात, ‘अहो, आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तुमच्याच वर्गात आहे ना?’

शिस्तीबद्दल एवढेच की आवाज चढवणे, वर्गासमोर पाणउतारा करणे, गुणांची तुलना मोठ्याने वाचणे हे उपाय डोक्यातून काढून टाका. पहिल्या दोन आठवड्यांत विषय कमी आणि नित्यक्रम जास्त शिकवा: वह्या कुठे ठेवायच्या, बोलायचे कधी, साहित्य परत कसे करायचे. अभ्यासक्रम मागे पडतो आहे असे वाटेल. सप्टेंबरच्या मध्यात तो भरून निघतो.

वर्षअखेर कार्यक्रम, सुपरवायझर आणि शाळा या तिघांनी शिफारस केली, परीक्षा झालेल्या असल्या आणि ३०० तास पूर्ण असले की पाच वर्षांचे स्टँडर्ड प्रमाणपत्र मिळते; पुढे दर पाच वर्षांत १५० तासांचे सतत शिक्षण दाखवून ते चालू ठेवायचे. शिफारस नाकारली गेली तर सगळे संपत नाही. प्रोबेशनरी प्रमाणपत्रावर दुसरे वर्ष करता येते, आणि माझ्या पाहण्यातले काही उत्तम शिक्षक असेच दोन वर्षांनी पूर्ण झालेले आहेत. दुसऱ्या राज्यात जायचे झाले तर स्टँडर्ड प्रमाणपत्राच्या आधारे अर्ज करता येतो, इंटर्न प्रमाणपत्राच्या आधारे बहुधा काही हाती लागत नाही. म्हणून वर्ष मधेच तोडण्याआधी दहादा विचार करा.

कार्यक्रम निवडताना जाहिरातीतला आरंभीचा छोटा आकडा पाहू नका. बरेच खासगी कार्यक्रम प्रवेशाच्या वेळी थोडे पैसे घेतात आणि उरलेले काही हजार डॉलर नोकरी लागल्यावर पगारातून महिन्याला कापतात. नोकरी मधेच गेली तर काय, दुसऱ्या वर्षाचे वेगळे शुल्क आहे का, सुपरवायझर प्रत्यक्ष वर्गात येणार की पडद्यावरून पाहणार आणि त्याच्याकडे एकूण किती उमेदवार आहेत, हे प्रश्न लेखी विचारा. टीईएच्या संकेतस्थळावर प्रत्येक कार्यक्रमाची मान्यतेची स्थिती दिलेली असते. ‘ताकीद’ किंवा ‘परिवीक्षा’ असा शेरा असेल तर कारण विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कार्यक्रम बुडाला तर उमेदवार दुसरीकडे वळवले जातात खरे, पण त्यात गेलेले महिने कोणी परत देत नाही.

तुमच्या तीन वर्षांच्या अनुभवाचे काय, हाही प्रश्न होता. प्रमाणपत्राच्या अटींत त्याने सूट मिळत नाही. पगाराची पायरी ठरवताना मात्र तो धरला जाण्याची शक्यता असते, त्यासाठी डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ विभागाला कॉलेजकडून विहित नमुन्यात सेवेची नोंद लागते: नेमणुकीच्या आणि सोडल्याच्या तारखा, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, कोणते विषय, वर्षाला किती दिवस. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ असा प्राचार्यांचा ठरावीक मजकूर इथे कामाला येत नाही. तासिका तत्त्वावर शिकवले असेल तर तसे स्पष्ट लिहून घ्या, उगाच पूर्णवेळ दाखवू नका.

पुढच्या ऑगस्टमध्ये वर्गात उभे राहायचे असेल तर या आठवड्यात करण्याजोगे काम एकच आहे. पुण्यात तुमच्या वतीने विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊ शकेल असे कोणीतरी शोधा, त्यांना सहीचे अधिकारपत्र आणि बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या सर्व गुणपत्रिकांच्या प्रती पाठवा आणि मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट थेट मूल्यमापन संस्थेकडे पाठवण्याचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी टाका. अर्जावर संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक लिहायला विसरू नका. तो नसल्यामुळे आलेला लिफाफा महिनोन्महिने कोणाच्या फायलीत लावायचा हे न कळून पडून राहतो.